रात्री भिंतीवरचे बटण बंद, सकाळी कॉम्प्युटर सुरू होईना: घरी जोडलेल्या एका मशीनचा प्रकरण अभ्यास

सोलापूरच्या पूर्व भागात घराला लागूनच माग असलेली कितीतरी घरे आहेत. या प्रकरणातला कॉम्प्युटर अशाच एका घरातला. चादरी आणि टॉवेलची जॅकार्ड डिझाइन त्यावर तयार होतात, त्यामुळे सकाळी तो वेळेवर सुरू झाला नाही की पुढचे सगळे काम अडते. मालकाने २०२२ मध्ये सुटे भाग आणून तो घरीच जोडला: रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, बी५५० चिपसेटचा मायक्रो-एटीएक्स मदरबोर्ड, डीडीआर४ ३२०० रॅमच्या ८ जीबीच्या दोन पट्ट्या आणि ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी. वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही, मॉनिटर मदरबोर्डच्याच एचडीएमआय पोर्टला. १ टीबीची हार्ड डिस्क आणि ४५० वॅटचा एसएमपीएस (घरातली वीज कॉम्प्युटरला लागणाऱ्या कमी व्होल्टेजमध्ये बदलणारा डबा) मात्र २०१५ च्या जुन्या मशीनमधून काढून बसवले. पैसे वाचवायला बहुतेक जण हेच करतात आणि पहिली दोन-तीन वर्षे त्याने काही बिघडतही नाही.

तक्रार डिसेंबरात सुरू झाली. सकाळी भिंतीवरचे बटण चालू करून कॅबिनेटचे बटण दाबले की पंखा अर्धी गिरकी घेऊन थांबायचा. पुन्हा दाबले की पंखे फिरायचे, पण मॉनिटर काळाच. या मदरबोर्डच्या कडेला चार बारीक दिवे आहेत: सीपीयू (प्रोसेसर), डीआरएएम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स) आणि बूट. त्यातला डीआरएएमचा दिवा पेटून राहायचा. पाच-सहा वेळा बटण दाबल्यावर मशीन आपोआप दोनदा बंद-चालू व्हायचे आणि मग डिस्प्ले यायचा. बहुतेक वेळा तारीख चुकलेली असायची आणि 'पुढे जाण्यासाठी एफ१ दाबा' असा संदेश दिसायचा. एकदा विंडोज आले की दिवसभर कसलीही कुरबुर नाही. दुपारी जेवायला जाताना बंद केले तरी परतल्यावर पहिल्याच दाबात चालू.

आधी काय काय करून झाले होते

पहिला सल्ला मिळाला तो नेहमीचाच: "रॅम काढा, खोडरबराने घासा, परत लावा." रॅमच्या सोनेरी कडेवर खरेच मळ बसला असेल तर याचा उपयोग होतो. पण रबराचा चुरा स्लॉटमध्ये पडला तर नवा त्रास उभा राहतो, त्यापेक्षा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला स्वच्छ कपडा बरा. इथे घासल्यावर मशीन लगेच सुरू झाले आणि सगळ्यांना वाटले, काम झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच.

मग डीआरएएमचा दिवा बघून नवी रॅम आणली. दोन दिवस आशा, तिसऱ्या दिवशी निराशा. त्यानंतर कुणीतरी विंडोज नव्याने टाकायला सांगितले, तेही झाले. शेवटी कॅबिनेट दुकानात नेले. तिथे पहिल्या दाबातच डिस्प्ले आला, चार-पाच वेळा बंद-चालू करूनही काही अडले नाही. 'मदरबोर्ड कमजोर होत चाललाय' एवढा अंदाज घेऊन मशीन घरी परत आले.

प्रत्येक उपायानंतर मशीन काही काळ चालले, हे इथे ध्यानात घ्यायला हवे. रॅम घासली ती सकाळी नऊला, वीज येऊन अर्धा तास झाल्यावर. दुकानात नेले ते दुपारी. उपाय खरा होता म्हणून मशीन चालले, की ती वेळच चालण्याची होती? हा प्रश्न तेव्हा कुणी विचारला असता तर रॅमचे पैसे वाचले असते.

डीआरएएमच्या दिव्याचा अर्थ

मदरबोर्डवरचे ते चार दिवे गाडी कुठल्या टप्प्यावर थांबली एवढेच सांगतात. कुठला भाग खराब आहे हे त्यांना कळत नाही. वीज आल्यावर मदरबोर्ड आधी प्रोसेसर जागा करतो, मग रॅमची जुळवणी करतो, म्हणजे रॅमचा वेग आणि सिग्नलची वेळ तपासून पक्की करतो. सुरुवातीच्या टप्प्यांत हा सगळ्यांत लांबलेला टप्पा. नेमक्या त्या काही सेकंदांत व्होल्टेज डळमळले तर मशीन तिथेच अडकणार आणि दिवा डीआरएएमचाच पेटणार. रॅमची पट्टी नीट बसली नसेल तरीही तोच, प्रोसेसरवरचा कूलर एका बाजूला जास्त आवळून सॉकेटचा दाब बिघडला असेल तरीही तोच.

रॅम खरोखर दोषी असती तर दिवसा काम करतानाही ती कधीतरी दिसली असती: निळा स्क्रीन, फाइल सेव्ह करताना त्रुटी, प्रोग्राम आपोआप बंद पडणे. इथे तसे एकदाही झाले नव्हते. जुन्या पट्ट्या परत लावून पेन ड्राइव्हवरून रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट८६ या प्रोग्रामचे चार फेरे पूर्ण चालवले, एकही चूक आली नाही. रॅम या यादीतून बाद झाली.

विंडोजचेही तसेच. इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीत 'कर्नल-पॉवर ४१' ही नोंद असते. आधीच्या वेळी विंडोज व्यवस्थित बंद न होता मशीन मध्येच गेले असेल तर ती पडते. इथे अशी एकही नोंद नव्हती. याचा अर्थ दुहेरी आहे. काम चालू असताना वीजपुरवठा कधी कोसळला नाही, आणि सकाळचा बिघाड विंडोजच्या कितीतरी आधी घडतो. जो बिघाड डिस्प्ले येण्याआधी होतो, त्यासाठी विंडोज नव्याने टाकून काहीच हाती लागत नाही.

कधी बिघडते, कधी बिघडत नाही

इथून पुढे मालकाला एका वहीत तीन रकाने करायला सांगितले: भिंतीवरचे बटण किती वेळ बंद होते, कॅबिनेटचे बटण किती वेळा दाबावे लागले, कुठला दिवा पेटला. आठवडाभरात चित्र स्पष्ट झाले. दुपारी आणि संध्याकाळी एकदाही अडचण नाही. बिघाड फक्त सकाळी, आणि तोही रात्री भिंतीवरचे बटण बंद केले असेल तरच. रविवारी रात्री एकदा ते बंद करायचे राहून गेले, तर सोमवारी पहिल्या दाबात डिस्प्ले.

यावरून तीन रात्रींची एक साधी चाचणी ठरवली. हिला एकही हत्यार लागत नाही, म्हणून ती कुणीही करून पाहावी. आधी विंडोजमधले 'फास्ट स्टार्टअप' (लवकर सुरू व्हावे म्हणून मशीन अर्धवटच बंद करणारी सोय) बंद करायचे, किंवा शिफ्ट दाबून धरून 'शट डाउन' निवडायचे, म्हणजे मशीन पूर्ण बंद होते आणि निकालात भेसळ होत नाही.

पहिल्या रात्री भिंतीवरचे बटण चालूच ठेवले. सकाळी पहिल्या दाबात सुरू, तारीख बरोबर. दुसऱ्या रात्री ते बंद केले. सकाळी नेहमीचा गोंधळ, तारीख चुकलेली. तिसऱ्या रात्रीही बंद केले, पण सकाळी ते चालू केल्यावर कॅबिनेटला हात न लावता ४० मिनिटे तसेच राहू दिले आणि मग बटण दाबले. मशीन पहिल्याच दाबात सुरू झाले, पण तारीख चुकलेलीच होती.

या तिसऱ्या सकाळने प्रकरण उलगडले. तारीख पुसली गेली तरीही मशीन सुरू झाले, म्हणजे तारीख पुसली जाणे आणि मशीन सुरू न होणे हे दोन वेगळे बिघाड आहेत. दोन्ही रात्रीच्या बंद बटणामुळे एकाच वेळी दिसत होते, म्हणून एकच वाटत होते. पहिला बॅटरीचा. दुसरा अशा भागाचा, ज्याला वीज मिळून काही वेळ गेला की तो सुधारतो. कॅबिनेटचे बटण दाबण्याआधी, म्हणजे मशीन बंद असतानाही, ज्याच्यात वीज खेळत असते असा भाग एसएमपीएसमध्ये एकच आहे: ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा.

आधी बॅटरी

मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी सीआर२०३२. नवी असताना ती ३.२ व्होल्टच्या आसपास दाखवते, २.८ च्या खाली गेली की बदलावी. इथली काढून मोजली तर २.५१. भिंतीवरचे बटण चालू असते तेव्हा मदरबोर्डचे घड्याळ स्टँडबायच्या विजेवर चालते आणि बॅटरी जवळजवळ खर्चच होत नाही. रोज रात्री दहा-बारा तास वीज तोडली की तेवढा वेळ सगळा भार बॅटरीवर. म्हणून आपल्याकडे ती लवकर संपते. विजा चमकत असताना किंवा गावाला जाताना बटण बंद करणे योग्यच आहे, त्यासाठी सवय बदलायची गरज नाही. तीन-चार वर्षांनी चाळीस-पन्नास रुपयांची बॅटरी बदलायची, इतकेच.

बदलण्याची रीत: प्लग काढा, कॅबिनेटचे बटण १० सेकंद दाबून धरा म्हणजे उरलीसुरली वीज उतरते. होल्डरच्या कडेची खिट्टी बाजूला ढकला, बॅटरी आपोआप वर येते. नवी बसवताना 'अधिक' चिन्हाची बाजू वर. लागोलाग बायोसमध्ये (मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) जाऊन तारीख लावा आणि रॅमचे एक्सएमपी प्रोफाइल, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारे सेटिंग, पुन्हा चालू करा. सेटिंग पुसली की बहुतेक मदरबोर्ड रॅमला मूळ वेगावर, २१३३ किंवा २४०० वर, आणून ठेवतात. ३२०० ची रॅम महिनोन्‌महिने त्या वेगाने चालत राहते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

नव्या बॅटरीने तारीख टिकली, एफ१ चा संदेश गेला, आपोआप दोनदा बंद-चालू होणेही थांबले. सेटिंग पुसल्यावर रॅमची जुळवणी नव्याने होते, तेव्हा मदरबोर्ड असे स्वतःच रीस्टार्ट घेतो, त्यात बिघाड काही नसतो. सकाळी सुरू न होण्याची मूळ तक्रार मात्र जशीच्या तशी राहिली. अपेक्षाही तीच होती.

जांभळी वायर

स्टँडबाय मोजायला तीन-चारशे रुपयांचा मल्टीमीटर पुरतो. डीसी २० व्होल्टवर ठेवायचा, काळी सुई कॅबिनेटच्या रंग नसलेल्या स्क्रूला, लाल सुई एसएमपीएसमधून मदरबोर्डला जाणाऱ्या २४ पिनच्या प्लगच्या मागच्या बाजूने जांभळ्या वायरच्या तोंडात अलगद सरकवायची. ही पिन क्रमांक ९. प्लग मदरबोर्डला लावलेलाच ठेवायचा, कारण भार असतानाचे व्होल्टेज हवे. सगळ्या वायरी काळ्या असलेला एसएमपीएस असेल तर रंगाचा उपयोग नाही, त्याच्या माहितीपुस्तकातली पिनांची आकृती बघूनच सुई लावावी. सुई घसरून शेजारच्या पिनेला टेकली तर चांगला मदरबोर्डही जातो, म्हणून टोकापर्यंत आवरण असलेली बारीक सुई वापरा.

५ व्होल्टला दोन्हीकडे ५ टक्के सूट असते, म्हणजे ४.७५ ते ५.२५. या मशीनवर सकाळी भिंतीवरचे बटण चालू करताच आकडा आला ४.३८. कॅबिनेटचे बटण दाबले त्या क्षणी मीटरच्या मिन-मॅक्सने (सर्वांत कमी आणि जास्त आकडा धरून ठेवणाऱ्या सोयीने) खालचा आकडा पकडला ३.९. चाळीस मिनिटांनी तोच आकडा ४.८६, आणि बटण दाबल्यावर मशीन सरळ सुरू. राखाडी वायरवर, म्हणजे पिन ८ वर, 'वीज नीट आहे' असे सांगणारा सिग्नल असतो. मुख्य व्होल्टेज स्थिर झाल्यावर १०० ते ५०० मिलिसेकंदांत तो ५ व्होल्टवर यायला हवा आणि तिथेच राहायला हवा. थंड असताना तो वर येऊन लगेच खाली पडत होता. तो पडला की मदरबोर्ड रीसेट होतो. पंख्याची अर्धी गिरकी आणि रॅमच्या टप्प्यावर अडकणे, दोन्हीचे मूळ हेच.

तरी एवढ्यावर एसएमपीएसला दोषी ठरवणे घाईचे झाले असते. स्टँडबाय खाली येतो याची कारणे दोन असू शकतात: एसएमपीएस पुरेशी वीज देत नाही, किंवा समोरचे काहीतरी जास्त ओढते. मशीन बंद असतानाही कीबोर्ड, माउस, फोनची चार्जिंग केबल हे सारे स्टँडबायवरच जगतात. समोरच्या यूएसबी पोर्टची पट्टी वाकून शॉर्ट झाली असेल तरीही व्होल्टेज असेच कोसळते. म्हणून मदरबोर्ड कॅबिनेटमधून बाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवला. जोडले फक्त प्रोसेसर, कूलर, सॉकेटपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये रॅमची एक पट्टी, २४ पिन, प्रोसेसरचा ८ पिन आणि मॉनिटर. हार्ड डिस्क, एसएसडी, समोरच्या पॅनेलच्या वायरी, कीबोर्ड, काहीच नाही. सुरू करायला पॉवर स्विचच्या दोन पिना स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडल्या. दुसऱ्या सकाळी थंड असताना आकडा ४.४१. कॅबिनेट, त्याचे बटण, यूएसबी, डिस्क हे सगळे सुटले.

मग २४ पिनचा प्लगच मदरबोर्डवरून काढला आणि त्याच्या पुढच्या तोंडात मोजले. भार काहीच नाही, तरीही थंड असताना ४.६१. ज्याला काहीच जोडलेले नाही तो ४.७५ गाठत नसेल, तर मदरबोर्डकडे बोट दाखवायला जागा उरत नाही.

पेपर क्लिप लावून एसएमपीएस तपासायची पद्धत सगळ्यांना माहीत असते: हिरवी वायर काळ्या वायरीला जोडायची, पंखा फिरला की एसएमपीएस चांगला. या एसएमपीएसने ती चाचणी दुपारी आरामात पार केली. १२ च्या जागी ११.९४, ५ च्या जागी ५.०३, ३.३ च्या जागी ३.३१, सगळे मर्यादेत. क्लिप जोडल्यावर एसएमपीएस जागा होतो, इतकेच त्यातून कळते. भार आला की तो टिकेल का, थंड असताना उठेल का, हे कळत नाही. उलटही खरे आहे: साधा मीटर सेकंदाला दोन-तीनदाच मोजतो, त्यामुळे झटकन येऊन जाणारी घसरण आणि रिपल, म्हणजे व्होल्टेजमधली बारीक थरथर, त्याला दिसत नाही. स्टँडबायवर रिपलची मर्यादा ५० मिलिव्होल्ट, ती तपासायला ऑसिलोस्कोप लागतो. मीटरने वाईट दाखवले तर ते वाईटच. चांगले दाखवले तर थोडी शंका ठेवावी.

शेवटची खात्री अदलाबदलीची. चांगला चालणारा दुसरा एसएमपीएस आणून जुन्याच रॅमवर, रात्रभर वीज तोडून, सकाळी सुरू केला. पहिला दाब, डिस्प्ले. सलग चार सकाळी तसेच करून पाहिले आणि मगच नवा घ्यायचे ठरले.

उन्हाळ्याने केलेले नुकसान डिसेंबरात दिसले

स्टँडबाय हा एसएमपीएसच्या आतला एक छोटा स्वतंत्र पुरवठा. भिंतीवरचे बटण चालू असेपर्यंत तो चोवीस तास चालतो, म्हणून आतल्या भागांत सर्वांत जास्त तास त्याचेच भरतात. बऱ्याच एसएमपीएसमध्ये मुख्य भागाच्या कंट्रोल आयसीलाही वीज तिथूनच मिळते, त्यामुळे स्टँडबाय दमला की मुख्य पुरवठाही मध्येच माघार घेतो.

यात इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर, म्हणजे वीज क्षणभर साठवून व्होल्टेज स्थिर ठेवणारे भाग, असतात. त्यांच्यातला द्राव वर्षानुवर्षे हळूहळू उडून जातो, आतला रोध वाढतो आणि साठवण्याची ताकद घटते. तापमान १० अंशांनी वाढले की आयुष्य साधारण निम्मे होते, असा त्यांचा ठोकताळा आहे. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये बाहेर ४२-४३ अंश असतात. पत्र्याच्या किंवा स्लॅबखालच्या बंद खोलीत टेबलाखाली कोंबलेल्या कॅबिनेटमध्ये किती होत असतील याचा हिशेब करा. पण दमलेला कपॅसिटर उन्हाळ्यात उघडा पडत नाही, कारण गरम असताना त्याचा रोध कमी होतो आणि तो काम भागवून नेतो. हिवाळ्याच्या सकाळी, रात्रभर वीज नसताना, तो पूर्ण थंड असतो आणि तेव्हाच त्याचे खरे रूप दिसते. चाळीस मिनिटे वीज मिळाली की स्वतःच्याच उष्णतेने तो थोडा सुधारतो. दुकानात दुपारी मशीन का चालले, त्याचेही उत्तर हेच.

या घरात आणखी एक गोष्ट होती: तूस. मागावरून उडणारे सुताचे बारीक तंतू हवेबरोबर एसएमपीएसच्या पंख्यात खेचले जातात. जाळीवरचा थर नखाने उचलला तर तो टॉवेलच्या तुकड्यासारखा एकसंध सोलून आला, पंख्याच्या आकाराचा गोल. हवा जवळजवळ बंदच झाली होती. नेहमीची धूळ पंख्याच्या पात्यांवर बसते, तूस जाळीलाच झाकण घालते. टॉर्च मारून जाळीतून आत पाहिल्यावर छोट्या ट्रान्सफॉर्मरजवळ दोन कपॅसिटर वरून फुगलेले दिसले, एकाच्या बुडाशी सुकलेला तपकिरी डाग. अर्थात, असा प्रत्येक डाग गळतीचा नसतो. कारखान्यात भाग चिकटवायला वापरलेला गोंदही जुना झाला की तपकिरी पडतो. वरचे चपटे झाकण फुगलेले असणे ही जास्त भरवशाची खूण.

ते दोन कपॅसिटर बदलता येतात का? ज्याचा हात बसलेला आहे असा कारागीर तितक्याच मायक्रोफॅरडचे आणि व्होल्टचे, १०५ अंशांचे, कमी रोधाचे कपॅसिटर टाकून देईल, खर्चही किरकोळ येईल. पण इतक्या वर्षांच्या एसएमपीएसमध्ये बाकीचे कपॅसिटरही त्याच वयाचे, तीच उष्णता सोसलेले. एवढे सगळे मशीन त्याच्यावर सोपवावे असे वाटत नाही. आणि घरी तो कुणीही उघडू नये. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी असतात आणि प्लग काढल्यावरही काही काळ राहू शकतात.

झिणझिण्यांचा वेगळा प्रश्न

मोजमाप चालू असताना कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की बोटांना झिणझिण्या येत होत्या. मालकाच्या अंगवळणी पडले होते, त्यामुळे तक्रारीत त्याचा उल्लेखच नव्हता. एसएमपीएसच्या आत फेज आणि न्यूट्रलपासून पत्र्याकडे जाणारे दोन छोटे फिल्टर कपॅसिटर असतात. अर्थिंग जोडलेले नसेल तर त्यांच्यामुळे पत्र्यावर जवळजवळ निम्मे, म्हणजे ११० ते ११५ व्होल्ट येतात. प्रवाह अगदी थोडा असतो, म्हणून झटका बसत नाही, नुसत्या झिणझिण्या येतात. मात्र मशीनच्या आत फेज पत्र्याला टेकली तर वाचवायला काहीच नसते.

कारण साधे निघाले. एक्स्टेन्शन बोर्डाचा प्लग तीन पिनांचा, वायर मात्र दोनच तारांची. वायर तीन तारांची बसवली, आणि न्यूट्रल ते अर्थ मोजले तर १.४ व्होल्ट, म्हणजे ठीक. दोन-तीनच्या वर आकडा दिसला तर घराचे अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे. आपल्याकडच्या काळ्या मातीत ही गोष्ट विशेष जपावी लागते. उन्हाळ्यात माती आक्रसून भेगाळते, अर्थिंगच्या पाइपला सोडते आणि अर्थिंग नावापुरते उरते. खड्ड्यात मार्च ते मे अधूनमधून पाणी घालणे हा जुना उपाय आजही उपयोगी आहे. सुरू न होण्याच्या तक्रारीशी याचा संबंध नव्हता. पण एसएमपीएस बदलून हे तसेच सोडून देणे बरोबर झाले नसते.

नवा एसएमपीएस निवडणे आणि बसवणे

या मशीनला वीज लागते ती थोडीच. ५६००जी पूर्ण जोरात असताना ८८ वॅटपर्यंत जातो, बाकी सगळे मिळून पन्नास-साठ. दीडशेच्या आसपासच्या गरजेला ४५० वॅटचा ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया घालवण्याचे मानांकन असलेला) एसएमपीएस भरपूर होतो. पुढे एखादे मध्यम ग्राफिक्स कार्ड लावायचे असेल तर ५५० चा घ्यावा. वॅटचा आकडा मोठा बघण्यापेक्षा पाच वर्षांची वॉरंटी, पूर्ण १०० ते २४० व्होल्टची इनपुट रेंज आणि लेबलवर १२ व्होल्टचे अँपिअर बघा. १२ ने गुणल्यावर लिहिलेल्या वॅटच्या जवळ जायला हवे. खूप स्वस्त एसएमपीएसवर ४५० लिहिलेले असते आणि १२ व्होल्टचा हिशेब अडीचशेच्याही खाली भरतो. इथे साडेतीन हजारांच्या आतबाहेर काम झाले. जुन्या एसएमपीएसच्या मागे ११५/२३० चा लाल खटका होता. असा खटका कुणाकडे असेल तर तो २३० वरून कधीही हलवू नये.

बसवताना ज्याने घात होतो ती चूक म्हणजे जुन्या केबल नव्या एसएमपीएसला लावणे. मॉड्युलर, म्हणजे केबल सुट्या काढता येणाऱ्या, एसएमपीएसच्या केबल बाहेरून सारख्या दिसल्या तरी एसएमपीएसच्या टोकाला पिनांची रचना कंपनीगणिक, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्येही, वेगळी असते. डिस्कला ५ च्या जागी १२ व्होल्ट मिळाले की ती तत्काळ जाते, आणि तिच्यातल्या सगळ्या डिझाइन फायलीही. दुसरे, प्रोसेसरच्या ८ पिनला ग्राफिक्स कार्डचा प्लग जोर लावून बसवू नका. प्रोसेसरचा प्लग ४+४ मध्ये फुटतो, कार्डचा ६+२ मध्ये, एवढी खूण लक्षात ठेवली तरी पुरे.

कॅबिनेट जमिनीवरून उचलून फूटभर उंचीच्या स्टँडवर ठेवले, कारण तूस खाली साचते. खालच्या जाळीला काढता येणारे फिल्टर लावले. मागाच्या शेजारी ते पंधरा दिवसांनी झटकावे लागते, इतर घरांत दोन महिन्यांनी चालते. ब्लोअर मारताना प्लग काढलेला असावा आणि पंख्याचे पाते बोटाने धरलेले असावे, नाहीतर जोराच्या हवेने पंखा वेगात फिरून त्याचे बेअरिंग खराब होते. आणखी एक, जुन्या साध्या यूपीएसवर ॲक्टिव्ह पीएफसीचा (वीज समप्रमाणात ओढणारे सर्किट असलेला) नवा एसएमपीएस कधीकधी वीज जाताच बंद पडतो, कारण त्या यूपीएसची लहर चौकोनी असते. बसवल्यावर लगेच यूपीएसचा प्लग काढून एकदा बघून घ्यावे. इथे ६०० व्हीएच्या यूपीएसवर मशीन टिकले.

हेच मशीन नुकतेच जोडलेले असते आणि पहिल्या दिवसापासून सुरू झाले नसते, तर तपासाचा क्रम वेगळा ठेवावा लागला असता. तिथे आधी प्रोसेसरचा ८ पिन लावला आहे का, रॅम 'टक' असा आवाज येईपर्यंत बसली आहे का, मदरबोर्डखाली जादा स्टँडऑफ (बोर्ड टेकवायचा पितळी खुंट) राहून शॉर्ट होतोय का, आणि बायोसची आवृत्ती त्या प्रोसेसरला ओळखते का हे बघायचे. ५६००जी बाजारात ऑगस्ट २०२१ मध्ये आला. त्याच्या बऱ्याच आधी कारखान्यातून निघालेला बी५५० मदरबोर्ड बायोस अपडेट केल्याशिवाय डिस्प्ले न देण्याची शक्यता असते. अडीच-तीन वर्षे नीट चाललेल्या मशीनमध्ये यातले काही एका रात्रीत बदलत नाही, म्हणून इथे त्यावर वेळ घालवला नाही.

नव्या एसएमपीएसवर, रात्रभर भिंतीवरचे बटण बंद ठेवून, जानेवारीतल्या सकाळी जांभळ्या वायरचा आकडा ५.०६ आला आणि बटण दाबताना ५.०१ च्या खाली गेला नाही. हे दोन्ही आकडे तारखेसकट कागदावर लिहून तो कागद कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवला आहे. दर डिसेंबरात एकदा मोजायचे आणि ४.८५ च्या खाली आला तर लक्ष ठेवायचे. जुन्या रॅमच्या पट्ट्या मशीनमध्येच आहेत. जुना एसएमपीएस घरातल्या दुसऱ्या मशीनला लावू नये आणि भंगारात चालू म्हणूनही देऊ नये. त्याचा २४ पिनचा प्लग कापून टाकला आहे आणि तो ई-कचऱ्यात जाणार आहे.